ब्रेक लाइट आणि एक विशेषण

“दाबा.”

ते एवढेच म्हणायचे. आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयाचे फाटक ओलांडले की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराखाली चुना मारलेली भिंत होती. तिच्याकडे पाठ करून मोटारसायकल उभी करायची आणि ब्रेक दाबायचा. भिंतीवर तांबडा उजेड पडला की ते आडवी धरलेली काठी बाजूला घेत. नाही पडला तर काठी तशीच राही. मग गाडी रस्त्यावर लावायची आणि पायी आत यायचे. एकदा रामटेकचा वार्ताहर यात्रेची बातमी घेऊन आला. त्याचा दिवा लागला नाही. त्यांनी त्याच्या हातातली बातमी काढून घेतली आणि काठी आडवीच ठेवली.

“साहेब, मी चाळीस-पन्नास किलोमीटरवरून आलो,” तो म्हणाला.

“म्हणजे तेवढा वेळ तुमच्या मागच्या माणसाला तुम्ही काहीच सांगितलं नाही.”

ते रागीट होते असे त्यांच्या मृत्युलेखात छापले गेले नाही. ‘शिस्तप्रिय’ असे छापले गेले. त्या मृत्युलेखात आणखीही एक शब्द होता. त्याच्याबद्दल शेवटी.

सत्तरच्या दशकात ते आमचे वृत्तसंपादक होते. रोज कोणत्या बातम्या कशा छापायच्या हे त्यांच्या टेबलावर ठरे. मी त्या टेबलाच्या टोकाला बसणारा उपसंपादक होतो. त्यांचा राग ओळखण्याची खूण सोपी होती. मन शांत असले की ते नागपुरी बोलत. “काय गा, जेवला का? काहून तोंड सुकलं?” रागावले की नागपुरी बंद होई, आवाज खाली येई आणि पुस्तकी मराठी सुरू होई. “आपण हे वाक्य कोणत्या अवस्थेत लिहिले?” असा प्रश्न आला की सगळे टेबल गप्प बसे.

विशेषणावर त्यांचा विशेष राग होता. एका बातमीदाराने लिहिले, जमाव संतप्त झाला.

“संतप्त होऊन जमावाने काय केले? दगड मारले?”

“नाही सर.”

“शिव्या दिल्या?”

“नाही. उभे होते.”

“मग ‘जमाव उभा होता’ असे लिहा. संतप्त आपण आहात. पगार कमी आहे म्हणून.”

रस्त्यावरही त्यांना गप्प राहवत नसे. ते सक्करदऱ्याला राहत आणि जुन्या, एक सिलिंडरच्या मोटारसायकलवरून ये-जा करत. कोणाचा स्टँड खाली राहिलेला दिसला की त्याच्या बरोबरीने गाडी नेऊन “स्टँड” म्हणत. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकाजवळ दिसला की “ताई, पदर” म्हणत. लोक दचकत. एकाने त्यांना विचारले, “तुह्या बापाचा रस्ता आहे का बे?” ते म्हणाले, “रस्ता नाही. पण स्टँड तुमचा आहे.” तो माणूस पुढच्या चौकापर्यंत शिव्या देत आला. त्याने स्टँड वर घेतला होता, हे मात्र त्यांनी आम्हाला समाधानाने सांगितले.

तर असा माणूस. शहरातल्या प्रत्येकाचा स्टँड आणि पदर पाहणारा. त्याच्या स्वतःच्या गाडीचा ब्रेक लाइट लागत नव्हता आणि ते त्याला माहीत नव्हते.

हिंगण्याला एका कारखान्याच्या फाटकावर कामगारांची सभा होती. ते स्वतः गेले होते. परतताना पाळी सुटली होती. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटारसायकली यांची रांग लागली होती. दिवस मावळायचा होता, कोणी दिवे लावले नव्हते. पुढची बस माणसे उतरवायला एकदम थांबली. यांनी ब्रेक दाबला. मागून येणारी मोटारसायकल यांच्या गाडीवर आदळली. यांचे मांडीचे हाड मोडले.

मागचा गाडीवाला एका कारखान्यातला कामगार होता. त्याला खरचटले. तो उठून यांच्याजवळ आला आणि रस्त्यावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “दिवा लागलाच नाही जी. दिवा लागलाच नाही.” ते त्यांनी शुद्धीत ऐकले.

दुसऱ्या दिवशी आमच्या वृत्तपत्रात बातमी आली. गुन्हे पाहणाऱ्या बातमीदाराने पोलीस ठाण्याला फोन करून ती घेतली होती आणि आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यास ‘भरधाव मोटारसायकलने’ मागून धडक दिली, असे लिहिले होते. मोटारसायकलवाल्याचे नाव आणि त्याच्या कारखान्याचे नाव दिले होते. अपघाताच्या बातमीत मागून येणारे वाहन भरधाव असते, ही आमच्या धंद्याची जुनी सवय. उभ्या हातगाडीने धक्का दिला असता तरी ती भरधाव निघाली असती. वृत्तसंपादक टेबलावर असते तर तो शब्द गेला असता. ते इस्पितळात होते.

काही दिवसांनी तो कामगार इस्पितळात आला. मी तिथेच होतो. तो दारात उभा राहिला. हातात केळी होती.

“नमस्कार सायेब. मीच तो. मागून आलेला.”

“बस गा. लागलं का तुले?”

“बसत नाही जी. डुटीवर जाचं आहे. डुटी राहिली तर.” त्याने केळी खिडकीत ठेवली. “याच महिन्यात मले कायम करणार होते. लेबर ऑफिसरनं बोलावलं, पेपर समोर ठेवला. म्हणते, तू रस्त्यावर भरधाव चालवतं, मशीनवर काय करशीन? पोलीस केस मिटली नाही तर पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणते.”

“कोणता पेपर?”

“तुमचाच जी.”

त्यांनी मला अंक आणायला सांगितले. तोपर्यंत कोणी त्यांना ती बातमी दाखवली नव्हती. प्रत्येकाला वाटत होते, दुसऱ्याने दाखवली असेल. त्यांनी ती वाचली. मग कामगाराला विचारले, “आपला वेग किती होता?” त्यांची नागपुरी बंद झालेली मी ऐकली.

“त्या गर्दीत काय वेग राहते जी? सायकली पुढं जाऊन राहिल्या होत्या.”

“दिवा लागला नाही, हे आपण नक्की पाहिले?”

“मी दिव्याकडंच पाहून चालवतो. पुढच्याचा लाल झाला का मी ब्रेक मारतो. तुमचा झालाच नाही.”

पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिले होते, मागील दिवा धडकेत फुटला. आता प्रश्न एवढाच होता, दिवा धडकेने बंद पडला की आधीच बंद होता. आधीच बंद असेल तर या माणसाची नोकरी वाचण्यासारखी होती. बाकी कोणाला तो प्रश्न पडला नाही. काच फुटली होती, सगळ्यांना तेवढे पुरेसे होते.

प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून ते आमच्या कार्यालयाच्या आवारात खुर्चीवर बसले. गाडी पोलिसांकडून आणून छपराखाली उभी केली होती. समोर त्यांचा नेहमीचा मेकॅनिक, गुन्हे पाहणारा बातमीदार आणि मी. तो कामगार पायरीवर बसला. त्याला त्यांनी मुद्दाम बोलावले होते.

“किल्ली लावा. ब्रेक दाबा.”

मेकॅनिकने दाबला. दिवा लागला नाही.

“बल्ब गेला असन जी. धडक बसली ना,” मेकॅनिक म्हणाला.

“काढा.”

काच फुटली होती, पण आतला बल्ब शाबूत होता. त्यात दोन तारा असतात, एक रात्रीच्या दिव्याची, एक ब्रेकची. त्यांनी तो सरळ बॅटरीला लावायला सांगितले. दोन्ही तारा पेटल्या.

“बल्ब चांगला आहे. पुढे.”

“अर्थिंग भेटत नसन. गंज चढते.”

“घासा.”

मेकॅनिकने बल्ब बसतो ती वाटी घासली, बल्ब परत लावला, ब्रेक दाबला. काही नाही.

“मंग स्विच खराब असन. पायाजवळचा. त्याची स्प्रिंग जाते.”

“स्विच सोडून द्या. त्याच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा जोडा. स्विच खराब असेल तर दिवा लागेल.”

जोडला. लागला नाही.

“म्हणजे तार. दिव्यापासून मागे या. सीट काढा.”

मेकॅनिक पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता. मग म्हणाला, “सीट कशाले काढता सायेब? नवीन तारच टाकून देतो ना, सरळ. सगळा तापच मिटन.”

“सीट काढा.”

सीट निघाली. खाली एका तारेचे टोक दुमडून ठेवले होते आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेपवर तेल आणि धुळीचा थर बसला होता. नखाने खरवडला तरी निघत नव्हता. त्यांनी मला ती जवळून पाहायला लावली. कामगारालाही बोलावून दाखवली. मग बातमीदाराकडे वळले.

“धडकेने तुटलेली तार स्वतःला टेप लावून घेत नाही.”

मेकॅनिकने हात पुसले. “तोडली नाही जी. काढून ठेवली.”

“का?”

“बॅटरी बसते ना. सहा व्होल्टची बॅटरी, तिच्यात जीव किती? तुमचा स्विच घट्ट होता, दिवा सदाचा जळत राहे. सकाळी हॉर्न वाजला नाही का तुम्हीच मले बोलत होते. मंग काढून टाकली तार. त्यानंतर बसली का बॅटरी?”

“स्विच घट्ट होता तर काय करावे लागते?”

“एक नट ढिला करा लागते.”

“तो का केला नाही?”

“दोन-चारदा लावून पाहा लागते, बराबर बसेपर्यंत. तार काढणं सोपं.”

“मला सांगितले होते?”

मेकॅनिकला खरेच नवल वाटले. “त्यात काय सांगाचं? सगळ्याइचीच काढतो. कोणी विचारत नाही.”

ते तारेच्या त्या दुमडलेल्या टोकाकडे पाहत राहिले. आमच्यातल्या त्या बातमीदाराला शांतता सोसली नाही. तो हसत म्हणाला, “खरं आहे सर. शेवटी स्वतःचा ब्रेक लाइट स्वतःला दिसत नाही.”

“तत्त्वज्ञान नको,” ते म्हणाले. “भिंतीकडे पाठ करून दाबला असता तर दिसला असता. मी केले नाही. ती माझी चूक. आता आपली. आपण रस्त्यावर होतात?”

“नाही.”

“पोलीस होते?”

“नंतर आले.”

“मग वेग कोणी पाहिला?”

“सर, मागून धडकला म्हणजे वेगात असणारच. आणि तुमच्यासाठी म्हणून जरा जोरात लिहिलं. आपला माणूस.”

“‘असणारच’ ही बातमी नाही. या पायरीवर बसलेल्या गृहस्थांकडे पाहा आणि तो शब्द मोठ्याने म्हणा.”

बातमीदार म्हणेना. ते थांबून राहिले. खाली छापखान्यातले लोक खिडकीत जमले. शेवटी तो पुटपुटला. कामगार खाली पाहत होता. मला तो प्रकार आवडला नाही, आजही आवडत नाही. पण त्या आवारात त्या दिवशी अपमान एकाचाच झाला नाही, हेही खरे. कामगाराचे नाव शहरभर वाटले गेले होते. बातमीदाराचे पुटपुटणे फक्त आवारात ऐकू गेले.

त्यांनी तिथल्या तिथे तार जोडून घेतली, नट ढिला करून घेतला, आणि दिवा ब्रेक दाबल्यावरच लागतो की नाही ते मेकॅनिकला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावले. या साऱ्याला चहाचा एक कप थंड होण्याइतका वेळ लागला.

मग ते संपादकांकडे गेले. कुबड्यांवर, जिन्याने. त्यांनी खुलासा लिहून नेला होता. संपादक भले गृहस्थ होते, शहरातल्या सगळ्या समारंभांना जात.

“आपण आपल्याच माणसाविरुद्ध छापायचं?” संपादक म्हणाले.

“खुलासा आपल्याच माणसाविरुद्ध असतो. दुसऱ्याविरुद्ध असते ती बातमी.”

“पोलिसांनी दिलेलं आपण छापलं.”

“पोलिसांनी ‘मागून धडक’ सांगितले. ‘भरधाव’ आपण घातले.”

“अहो, एका शब्दासाठी? आज एक छापला तर उद्या खाली रांग लागेल.”

“लागली पाहिजे.”

खुलासा छापला गेला नाही. मग ते जाहिरात विभागात गेले. तोच मजकूर ‘जाहीर खुलासा’ म्हणून पैसे भरून छापायची तयारी दाखवली. विभागप्रमुखाने वर फोन केला आणि नाही म्हटले. ते रस्ता ओलांडून आमच्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्राच्या जाहिरात खिडकीशी गेले. दोन दिवसांनी तिथे, हरवलेल्या गुणपत्रिका आणि नावात बदल यांच्यामध्ये, त्यांचा खुलासा आला. त्यात त्यांनी स्वतःचे नाव आणि हुद्दा दिला होता. माझ्या मोटारसायकलचा ब्रेक लाइट अपघातापूर्वीपासून बंद होता. मागून येणाऱ्या इसमाचा वेग बेताचा होता. त्याचा दोष नाही. ‘भरधाव’ हा शब्द रस्त्यावर नव्हता, तो आमच्या टेबलावर तयार झाला.

आमच्या कार्यालयात त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलले नाही. शेवटचे वाक्य बाहेरच्यांपुढे लिहायला नको होते, असे सर्वांचे मत पडले. पहिल्या वाक्यांबद्दल कोणाला मत नव्हते.

पोलीस ठाण्यात जबाब द्यायला मी त्यांना घेऊन गेलो. फौजदाराने लेखणी खाली ठेवली. “तुम्ही जखमी आहात का त्याचे वकील?”

“जखमी आहे. म्हणूनच मला माहीत आहे.”

जबाब लिहून झाला. केस मिटायला बरेच महिने गेले. जबाबाची नक्कल पाहून कंपनीने तोवर कामगाराला कामावर ठेवले, पण कायम केले नाही. दरम्यान वृत्तसंपादकांची बदली झाली. संपादकांनी त्यांना रविवार पुरवणी दिली. प्रकृतीला आराम म्हणून. त्या पुरवणीत सोनेरी पहाटा, अवखळ झरे आणि हळुवार आठवणी यांच्याशिवाय काही नसे. विशेषणावर आयुष्यभर लाल पेन्सिल चालवलेल्या माणसासाठी ती जागा कोणी विचार करून निवडली असेल, तर तो या कार्यालयातला सर्वांत हुशार विचार होता.

भिंतीचा नेम त्यांनी त्या काळात सुरू केला. सकाळी काठी घेऊन फाटकाशी. “दाबा.” आधी लोक हसले, मग चिडले. संपादकांची मोटारही त्यांनी एकदा अडवली. तिचा एक दिवा लागला, एक नाही. त्यांनी काठी अर्धी वर केली.

तो कामगार कायम झाल्यावर पेढे घेऊन आला.

“घ्या जी पेढे. पण मी खुश नाही.”

“काहून गा?”

“माह्यानंतर लागलेले दोघं माह्या आधी कायम झाले. आता जलमभर माह्या वर राहतीन. तुम्ही बराबर केलं, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या पेपरनं एका रात्रीत लिहिलं आणि मले वर्ष लागलं निस्तराले. तुमच्या पेपरात अजून आलं नाही.”

“येणार नाही.”

“मंग तुम्ही तिथं काहून नोकरी करून राहिले?”

“कोणीतरी फाटकावर पाहिजे.”

“फाटकावर चपराशी राहते जी,” तो म्हणाला.

त्यांना हसू आले नाही, त्यालाही नाही. दोघांनी समोरासमोर बसून एक-एक पेढा खाल्ला आणि कोणी गोड म्हटले नाही. नंतर जाताना त्याने गाडी भिंतीशी लावली, न सांगता ब्रेक दाबला, तांबडा उजेड पाहिला आणि निघून गेला.

ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गेले. तोपर्यंत संपादक बदलले होते. मृत्युलेख पहिल्या पानावर आला. फोटो चांगला होता. शिस्तप्रिय, निर्भीड, भाषाप्रभू. आणि मध्ये एक वाक्य: ‘एका भरधाव मोटारसायकलच्या धडकेने पाय अधू होऊनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.’ लिहिणाऱ्याने जुना अंक काढून पाहिला होता. आमच्या अंकात दुसरे काही नव्हतेच.

तो कामगार त्याच दिवशी पाळी सुटल्यावर कार्यालयात आला. कंपनीचा गणवेश अंगावर होता, केस पांढरे व्हायला लागले होते. ओळखीचा मी एकटाच उरलो होतो. त्याने अंक माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

“घरी पोरगी वाचून राहिली होती. तिले सगळं माहीत आहे. म्हणे, बाबा, हे तर तुमच्याबद्दलच लिहिलं. मी काय सांगू तिले?”

मी ती ओळ पुन्हा वाचली.

“त्याइनं लिहून देल्लं होतं ना सगळं, सहीनिशी?”

“दुसऱ्या पेपरात.”

“मंग तुम्ही लोक दुसरा पेपर वाचत नाही का जी? त्याइच्या मयतीतबी मीच भरधाव?”

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. मी त्याला बसवून नव्या संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, मृत्युलेखाला खुलासा नसतो, वाईट दिसते. मी म्हणालो, ज्यांचा मृत्युलेख आहे त्यांचाच खुलासा आहे. ते म्हणाले, आता ते मागायला येणार आहेत का?

मागायला माणूस आला होता. तो बाहेर माझ्या टेबलाशी बसला होता. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले.

मी चार वाक्ये लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. ती छापली गेली नाहीत. त्यात वेगाला विशेषण एकच आहे आणि ते आमच्या जुन्या वृत्तसंपादकांनी स्वतः तपासून घेतलेले होते. वाक्ये अशी:

पुढच्या मोटारसायकलवर आमचे वृत्तसंपादक होते. त्यांचा ब्रेक लाइट अपघातापूर्वीपासून बंद होता. मागून आलेल्या मोटारसायकलचा वेग बेताचा होता. ही माहिती त्यांनी स्वतः दिली आहे.